'आपा' की 'ऑपॉ'?

प्रश्न असा की पुस्तकात जावानीज (इंडोनेशियातल्या जावा बेटाची भाषा) 'काय'साठी 'ऑपॉ' आहे, पुर्वोकर्तो या मध्य जावातल्या शहराचा मित्र मात्र 'आपा' म्हणतो. मग तो चुकतो का?

नाही हो. तो बान्युमासी, म्हणजे बान्युमास भागातली जावानीज बोली बोलतोय. पुस्तक सोलो आणि योग्याकार्ता या शहरांच्या बोलीचं, कारण तिथल्या राजदरबारांची बोली प्रमाण ठरली. बान्युमास, चिलाचाप, पुर्बालिंगा, तेगाल हा मध्य जावाचा पश्चिम पट्टा. तिथे शब्दाच्या शेवटचा 'आ' आ-च राहतो. सोलोत त्याचा 'ऑ' होतो. भात बान्युमासमध्ये 'सगा', सोलोत 'सगॉ'. लिहिताना दोघेही रोमन लिपीत शेवटी a हेच अक्षर लिहितात, म्हणून नवशिक्याची गल्लत होते.

आता गंमत बघा. सोलोवाल्याला 'त्याचा भात' म्हणायला सांगा. तो '-ने' प्रत्यय लावून 'सगाने' म्हणेल, 'सगॉने' नाही! म्हणजे 'आ' त्याच्याही डोक्यात शाबूत आहे, फक्त शब्दाच्या टोकाला ऑ होतो. मूळ 'आ' जपलाय तो तुमच्या मित्राने. आपल्या ओळखीचं उदाहरण हवं तर इंडोनेशियाचे पहिले अध्यक्ष सुकार्नो घ्या: नावातला 'कार्नो' म्हणजे महाभारतातला कर्ण, सोलोच्या उच्चारात.

दुसरी खूण शेवटच्या व्यंजनाची. 'बापाक'मधला क सोलोत घशातच अडकतो, आवाज कापल्यासारखा थांबतो. देवनागरीत त्याला अक्षर नाही. बान्युमासमध्ये तो खणखणीत क. अंड्याला 'अन्डॉग' म्हणताना बान्युमासी माणूस ग पुरता उच्चारतो, सोलोत तो क-कडे झुकतो. या ठळक आ आणि क-मुळेच बोलीला 'ङापाक' म्हणतात. कोंबडीचा 'पितिक'ही तिकडे स्वच्छ इ-क सकट. सोलोत ती इ सैल पडून ए-च्या जवळ जाते.

(जाता जाता: त-ट, द-ड हा फरक दोन्हीकडे आहे आणि मराठी कानाला तो फुकटात मिळतो. 'वदी' म्हणजे भिणे, 'वडी' म्हणजे वाळू. रोमन 'डीएच' दिसलं की ध नव्हे, ड वाचा.)

ङापाकला गावंढळ समजून हसतात, विनोदी पात्रांच्या तोंडी घालतात. 'पानी' म्हणणाऱ्याला आपल्याकडे हसतात, तसंच. तिकडच्या पोरांनी मात्र 'ओरा ङापाक, ओरा कपेनाक' अशी घोषणाच केलीय: ङापाक नाही तर मजा नाही. यातलं यमक दोन्ही क पूर्ण उच्चारले की आणखी खणखणीत वाजतं.

तुम्ही 'ऑपॉ' शिकताय तर तेच चालू ठेवा, पण मित्राला सुधारायला जाऊ नका.