सिग्नलला थांबली की गाडी बंद पडते, नवीन कार्बोरेटर टाकू का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2014 ची, 150 सीसी, कार्बोरेटरवाली. हायवेला छान पळते, पण दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागला की इंजिन वर-खाली होतं, गचके खातं आणि बंद पडतं. गॅरेजमध्ये दोनदा कार्बोरेटर साफ करून झाला आणि आता ते म्हणतायत नवीनच टाका.

इतक्यात टाकू नका. वेगात गाडी नीट ओढते, म्हणजे वेगात पेट्रोल देणारे कार्बोरेटरचे भाग, मेन जेट आणि नीडल, आणि टाकीतून येणारं पेट्रोल हे सगळं ठीक आहे. स्लोला, म्हणजे रेस न देता चालू असताना, इंजिन पेट्रोल घेतं ते वेगळ्याच वाटेनं, पायलट जेटमधून. त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. थ्रॉटल बंद असताना सगळी भिस्त त्याच्यावर. म्हणून शोध याच वाटेवर घ्यायचा, आणि काही खोलायच्या आधी एक गोष्ट ठरवायची: इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय?

हे घरच्या घरी कळतं. रंकाळ्याला एक चक्कर मारून गाडी गरम करा, स्टँडवर लावा आणि स्लोला चालू असताना चोक थोडासा ओढा. इंजिन सुधारलं, स्थिर झालं, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा घुसतेय. चोक ओढताच गुदमरून बंद पडलं, तर पेट्रोल आधीच जास्त आहे. दुसरी खूण रेसची. रेस देऊन सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता वरच रेंगाळत असेल तर बहुधा हवा जास्त. झटकन खाली येऊन इंजिन गचके खात असेल, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास असेल, तर पेट्रोल जास्त.

तुमच्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो. त्यात दोनच मोठे संशयित.

एक, पायलट जेट. गॅरेजमध्ये जाऊन स्पष्ट विचारा, 'पायलट जेट खोलून बाहेर काढला होता का?' बऱ्याच ठिकाणी खालची वाटी उघडतात, पेट्रोलनं धुतात, पुसतात, बसवतात, आणि त्यालाच कार्बोरेटर साफ केला म्हणतात. यात पायलट जेटला हातही लागत नाही. तो बाहेर काढून उजेडासमोर धरला की भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तार घालू देऊ नका. जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं की तो कायमचा बिघडला. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते. जेट बसायच्या जागेतूनही क्लीनर मारा. कार्बोरेटरच्या तोंडात, थ्रॉटलच्या कडेला बारीक भोकं असतात, तिथून तो बाहेर पडायला हवा. नाही पडला तर आतली वाट अजून बंद आहे.

दोन, हवेची गळती. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबरी मॅनिफोल्ड दहा वर्षांत कडक होऊन चिरतं. चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला असते, वरून दिसत नाही. गाडी स्लोला ठेवून त्या जोडावर स्प्रेच्या बाटलीनं थोडं पाणी मारा. आवाज बदलला तर गळती तिथंच. काही मिस्त्री यासाठी पेट्रोल मारतात. गरम सायलेन्सरशेजारी ते अजिबात करू देऊ नका. मॅनिफोल्डला लागलेल्या बारीक व्हॅक्यूम नळ्याही बघा. हा पार्ट नव्या कार्बोरेटरच्या मानानं खूपच स्वस्त आहे, आणि तो फाटलेला असेल तर नवा कार्बोरेटर टाकूनही गाडी तशीच बंद पडणार.

पेट्रोल जास्त निघालं तर आधी एअर फिल्टर, मग चोक पूर्ण परत जातो का, मग फ्लोटची, म्हणजे वाटीतलं पेट्रोल ठरलेल्या उंचीवर थांबवणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी. एवढंच.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार करा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उघड्यावर असेल तर कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे, मग टाकीसुद्धा रिकामी करावी लागेल. हे काम इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत. शिवाय या पेट्रोलवर जुन्या जेटचं मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. जी गाडी आधीच काठावर आहे ती याची तक्रार स्लोलाच करते.

प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. तुमची गाडी दोन प्लगची असेल तर दोन्ही तपासा. एक मेला तरी गाडी पळते, स्लोला मात्र थरथरते.

आणि टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हवर ठेवायची बारीक फट. याकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून मी मुद्दाम सांगतो. 'टकटक आवाज येतोय, बंद करा' म्हणून आपणच मिस्त्रीच्या मागे लागतो आणि तो टॅपेट आवळून देतो. आवाज जातो, पण इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. गार असताना ठीक आणि तापल्यावर बंद, असं होत असेल तर आधी हेच बघा. इंजिन पूर्ण गार असताना फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे. अंदाजानं नाही.

हे सगळं झाल्यावरच कार्बोरेटरवरच्या मिक्श्चर स्क्रूला, म्हणजे स्लोचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला, हात लावा. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर पेट्रोल वाढतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते. ही बाजू न बघता फिरवला की सगळं उलटं होतं. हळुवार पूर्ण आत घ्या, जोर लावू नका, टोक मोडतं. मग दीड-दोन फेरे बाहेर. गरम इंजिनावर पाव-पाव फेरा फिरवत जिथं रेस सगळ्यात वर आणि स्थिर राहील तिथं सोडा. नंतर स्लोचा स्क्रू फिरवून रेस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. 150 सीसीच्या बऱ्याच गाड्यांत तो 1400 आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास असतो. नुसती रेस वाढवून दिलेली गाडी सिग्नलला बंद पडत नाही, पण दोष आत तसाच राहतो आणि पेट्रोल जळत राहतं.

नवीन कार्बोरेटर कधी? स्लाइड किंवा थ्रॉटलची दांडी झिजून हलायला लागली असेल, किंवा आतली वाट क्लीनरनंही उघडत नसेल तर. चोक ओढल्यावर काय झालं ते खाली लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.