‘भयानक अभिनय’ म्हणजे कौतुक की शिवी?

प्रश्न: लंडनच्या ड्रॅक्युला सोसायटीच्या हॅमिल्टन डीन ॲवॉर्डबद्दल लिहिताना मी ‘ड्रॅक्युला समाज पुरस्कृत, भयानक गॉथिक नाटकातील सर्वोत्तम कामगिरी’ असं लिहिलं. चालेल का?

उत्तर: एकेक शब्द शब्दकोशात सापडेल, पण वाक्य भलतंच सांगतं. आधी ‘भयानक’. रसशास्त्रात हे रसाचंच नाव आहे आणि त्याचा स्थायी भाव भय, म्हणजे मुळात तुमचं काही चुकलेलं नाही. पण बोलण्यात हा शब्द कधीच घसरला. भयानक ऊन, भयानक ट्रॅफिक, भयानक महाग! ‘भयानक अभिनय’ वाचून नटाने माती खाल्ली असंच कुणालाही वाटेल. म्हणून विशेषण सोडा आणि समास करा: भयकथा, भयपट, भयनाट्य. समासात ‘भय’ हे प्रकाराचं नाव होतं, दर्जावरचा शेरा राहत नाही. ‘गूढनाट्य’ मात्र नको. गूढात उकल न होणारं काहीतरी हवं, भीती असेलच असं नाही.

‘नाटक’ऐवजी ‘नाट्य’ का? हा पुरस्कार फक्त रंगमंचापुरता नाही, पडद्यावरच्या कामालाही मिळतो. नाटक म्हटलं की तिसरी घंटा आठवते. ‘नाट्य’ मात्र नभोनाट्यापासून पथनाट्यापर्यंत कुठेही खपतं.

‘कामगिरी’ फलंदाजाची, पोलिसांची, फार तर विक्री विभागाची. नटाची भूमिका असते, अभिनय असतो. नाट्यगृहाबाहेर पडताना आपण ‘काम छान झालं त्याचं’ म्हणतो. पण इथे नुसतं ‘अभिनय’ लिहूनही भागत नाही, कारण पुरस्कार एका नटाला मिळू शकतो तसा सबंध निर्मितीलाही. ज्याचं नाव त्याला दिलंय त्याच्याकडे पाहिलं की हे पटतं. हॅमिल्टन डीन या नट-व्यवस्थापकाने ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी रंगभूमीवर आणली. पहिला प्रयोग १९२४ साली डर्बीला, लंडनमध्ये १९२७ साली. रूपांतर त्याचंच, आणि ड्रॅक्युलाच्या मागावर असलेल्या व्हॅन हेल्सिंगची भूमिकाही त्याचीच. ड्रॅक्युलाच्या झग्याची ती उभी, उंच कॉलर याच नाटकातून आली असं मानतात. पाठमोऱ्या नटाचं डोकं कॉलरीआड झाकायचं, नट आतून निसटायचा आणि पकडणाऱ्यांच्या हाती रिकामा झगा उरायचा. याला अभिनय म्हणायचं की सादरीकरण? दोन्ही शब्द ठेवा.

आता खरा खड्डा: ‘पुरस्कृत’. ‘केंद्र पुरस्कृत योजना’ म्हणजे केंद्राच्या पैशातली योजना. तेव्हा ‘सोसायटी पुरस्कृत नाटक’ म्हणजे सोसायटीने खर्च उचललेलं नाटक. ज्याला पुरस्कार मिळाला ते ‘पुरस्कारप्राप्त’ किंवा ‘पुरस्कारविजेतं’. ‘पुरस्कर्ता’ही जपून वापरा, तो पुरस्कार देणारा नव्हे, एखाद्या मताची बाजू घेणारा.

‘सोसायटी’चा ‘समाज’ करू नका, नाहीतर ड्रॅक्युला नावाची जात डोळ्यांपुढे येईल. अर्थात नुसतं ‘ड्रॅक्युला सोसायटी’ लिहिलं तर मेंटेनन्स थकलेली इमारत डोळ्यांपुढे येते, तेही खरंच. म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘१९७३ साली स्थापन झालेली चाहत्यांची संस्था’ एवढं जोडा, पुढे सोसायटी चालेल. आणि ‘डीन’ हे आडनाव आहे. ‘डीन पुरस्कार’ असं सुटं लिहिलंत तर मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठात्यांनी दिलेला वाटेल. पूर्ण नाव लिहा.

‘गॉथिक’ तसाच ठेवा. राजाबाई टॉवरमुळे आपल्याकडे तो इमारतींचा शब्द आहे, आणि ते सोयीचंच, कारण पडके किल्ले आणि तळघरं गॉथिक भयकथांतही आहेतच.

वाक्य असं होईल: ‘गॉथिक भयनाट्यातील उत्कृष्ट अभिनयासाठी किंवा सादरीकरणासाठी ड्रॅक्युला सोसायटीतर्फे दिला जाणारा हॅमिल्टन डीन पुरस्कार.’

जाता जाता, याच सोसायटीच्या साहित्यासाठीच्या पुरस्काराचं नाव ‘चिल्ड्रन ऑफ द नाइट’. त्याला ‘निशाचर’ म्हणायचा मोह होईल, पण निशाचर म्हटलं की राक्षस आठवतो किंवा घुबड. मूळ कादंबरीत हे शब्द काउंट ड्रॅक्युला लांडग्यांची ओरड ऐकून काढतो, तेही कौतुकाने. तो लळा ‘रात्रीची लेकरं’मध्ये उतरतो.