टेप नाही, सुतार माप मागतोय

प्रश्न : आमच्या जुन्या चिऱ्याच्या घरात खिडकीला डासांच्या जाळीची चौकट बसवायची आहे. सुतार फोनवर माप मागतो. घरात ना टेप, ना पट्टी. वीत-बोटांनी मोजलं तर चालेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : वितीने पडदा शिवता येईल, चौकट नाही. आधी पट्टी तयार करा. सध्याची पाचशेची नोट 150 मिमी लांब असते (शंभराची 142, तेव्हा नोट बघून घ्या). तेवढ्याच लांबीची कागदाची पट्टी कापा. रेघी वहीच्या पानावर ती तिरकी ठेवा : एक टोक एका रेघेवर, दुसरं तिथून पंधरा घरं सोडून येणाऱ्या रेघेवर. मधल्या रेघा पट्टीची कड जिथे कापतात तिथे बारीक खुणा करा. वहीची घरं 7 मिमीची असोत की 8 ची, खुणा 1 सेमीवरच पडतात.

मोठ्या अंतराला ए-फोर कागदाची लांब बाजू घ्या. ती 297 मिमी आहे, 300 नव्हे. चार कागदांत 12 मिमीचा घोळ होतो आणि चौकट खिडकीत शिरतच नाही.

खिडकीच्या आत कागद सरकवत बसू नका, दर खुणेला थोडी चूक वाढते. बांबूच्या दोन सरळ काठ्या एकमेकींना चिकटवून धरा, दोन्ही टोकं भिंतींना टेकेपर्यंत सरकवा आणि दोरीने घट्ट बांधा. मग बाहेर काढून जमिनीवर निवांत मोजा. माडाची हीर यासाठी नको, ती वाकते. वर, मध्ये, खाली अशी तीन मापं घ्या. चिऱ्याच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात, म्हणून सर्वांत लहान माप धरा. उंचीचंही तसंच. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसतील तर सुताराला तसं सांगा.

माप मिमीमध्येच सांगा. 'तीन फुटाला थोडं कमी' यातल्या 'थोडं'चा अर्थ सुताराचा वेगळा असतो.

प्रश्न : छोट्या वस्तूंसाठी नाणी वापरावीत का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोन रुपयांचं तर मुळीच नको. 2011 च्या मालिकेतलं 25 मिमी, 2019 च्या मालिकेतलं 23. दहाचं दुरंगी नाणं मात्र 27 मिमी. त्याहून बरं एटीएम कार्ड : लांबी 85.6 मिमी, रुंदी 54 ला किंचित कमी, आणि कड ताठ.