अर्पणपत्रिकेचं पान

‘ताई, माझं वय ४१. कॉलेजात इंग्रजी शिकवते. दादा, म्हणजे माझे वडील, निवृत्त मराठी शिक्षक. दहाव्या वर्षी त्यांनी मला वृत्तं शिकवली. आल्यागेल्यापुढे माझ्या कविता म्हणून दाखवायचे. मी माझ्या मनाने लग्न केलं आणि सगळं थांबलं. आता बोलणं औषधपाण्यापुरतं. पहिला संग्रह त्यांनाच अर्पण केला होता. त्यांनी लाल शाईने शुद्धलेखन तपासून प्रत आईच्या हाती परत पाठवली, कवितांबद्दल शब्द नाही. आई बिचारी मध्ये भरडते. वर्गात इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट शिकवताना, तिच्या बापाचा विषय निघाला की माझा आवाज बसतो. आपल्या वडिलांना तसल्या बापांच्या पंगतीत बसवणं पाप आहे का? ते ७९ वर्षांचे आहेत. ते जायच्या आत त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द कसा मिळवू? दुसरा संग्रह तयार आहे. नणंद रात्रपाळीहून आली की टाइप करून द्यायची. फक्त अर्पणपत्रिकेपाशी दोन महिने अडलाय, पण ते असो.’

प्रिय मैत्रिणी,

‘ते असो’ म्हणून तू जे बाजूला सारलंस, तिथेच मी थांबले. अख्खं पुस्तक तयार आणि एका पानासाठी छपाई खोळंबलेली. तुझ्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय. पुन्हा एकदा ‘ती. दादांस’ लिहायचं आणि या खेपेला तरी लाल शाई येणार नाही अशी आशा धरायची. नको गं. पुन्हा नको.

पापाचं आधी उरकते. पाप बिलकूल नाही. आपल्याकडे वाईट बाप म्हटलं की ‘संगीत शारदा’तला कांचनभट आठवतो, पैशासाठी पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला. नाटक १८९९ सालचं; त्या बापाला ओळखायला कुणाला कष्ट पडत नाहीत. तुझे दादा तसे नाहीत, म्हणून तुला तक्रारीचा हक्कच वाटत नाही. पण ज्याने हातात लेखणी दिली त्याचा अबोला फार खोल जातो. ओळ बरी की वाईट, हेसुद्धा आपण त्याच्याच कानाने ऐकायला शिकलेलो असतो.

एलिझाबेथचं हेच झालं. तिचं बालवयातलं दीर्घकाव्य वडिलांनी १८२० मध्ये हौसेने छापून घेतलं, पन्नास प्रती. ती तेव्हा चौदा वर्षांची. १८४४ चा संग्रह तिने त्यांनाच अर्पण केला आणि लिहिलं, की लहानपणी माझे वाचकही तुम्ही आणि टीकाकारही तुम्हीच. हा मजकूर तू वर्गात वाचून दाखवतेस का? नसशील तर दाखव, आवाज बसला तरी चालेल. कारण त्याच माणसाने आपल्या एकाही मुलामुलीला लग्न करू द्यायचं नाही असं ठरवलेलं होतं. १८४६ च्या सप्टेंबरात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तिने कवी रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न केलं आणि आठवडाभरात इटलीची वाट धरली. तिथून ती वडिलांना पत्रं लिहीत राहिली. १८५१ मध्ये ती लंडनला आली, तेव्हा ती पत्रं गठ्ठ्याने परत मिळाली. एकाचंही सील फोडलेलं नव्हतं. तिच्या पहिल्या वाचकाने तिची एक ओळ वाचली नाही. १८५७ मध्ये तो गेला, तोवर तिला हवा असलेला शब्द आला नाही.

आता अर्पणपत्रिकेकडे बघ. १८५६ च्या अखेरीस तिचं सर्वांत मोठं काम, ‘ऑरोरा ली’ हे दीर्घकाव्य, बाहेर पडलं. वडील हयात होते. अर्पण मात्र होतं जॉन केन्यनला. नात्याने लांबचा भाऊ, पण ब्राउनिंगच्या ओळखीला कारण झालेला, आणि तिला मुलगा झाल्यावर दरसाल शंभर पौंड पाठवणारा. वडिलांचं दुःख तिच्या मनातून गेलं असं मी म्हणणार नाही. पान मात्र तिने दुसऱ्याला दिलं.

तुझा केन्यन तुझ्या पत्रात एका वाक्यापुरता येऊन गेलाय. रात्रभर जागून घरी आलेलं माणूस आडवं पडतं. ही बाई तुझ्या कविता टाइप करायला बसते. तिच्या हातूनही ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल, पण तिने कविता वाचल्यात, एकेक अक्षर.

आईबद्दल तू ‘बिचारी’ लिहिलंस. लाल शाईची ती प्रत तुझ्यापर्यंत आणली कुणी? आईने. तिच्याबद्दल आज मी काही गोड लिहिणार नाही.

दादांची औषधं आण, त्यांना दवाखान्यात ने. ते तू करतेसच. शब्द मागू नकोस. नव्या पुस्तकाची प्रतही आपणहून नेऊन देऊ नकोस. वाचावंसं वाटलं तर मागतील. त्यांना मागता येतं, औषधं मागतातच की.

उद्या सकाळी प्रकाशकांना फोन कर आणि नणंदेचं नाव सांग. पूर्ण नाव, खाली एकही ओळ नको. तिला आधी कळू देऊ नकोस. पुस्तक आलं की ती रात्रपाळीहून परतायच्या वेळी टेबलावर ठेव, ते पान उघडून.

तुझी,
ताई