गालावरचा व्रण आणि ‘तक्रार नाही’ची सही

प्रश्न : आम्ही कांदिवलीला राहतो. १९ महिन्यांपूर्वी आमच्या चार वर्षांच्या मुलीला एका मॉलमधल्या प्ले झोनमध्ये नेलं होतं. तिकीट ८०० रुपये. घसरगुंडीच्या खालच्या टोकाचं फोमचं आवरण फाटून आतली लोखंडी पट्टी उघडी पडली होती. घसरत खाली येताना तिचा डावा गाल त्यावर कापला. जवळच्या खासगी हॉस्पिटलात भूल देऊन सात टाके घातले, बिल ३८,००० रुपये झालं. तिसऱ्या दिवशी तिथला मॅनेजर घरी आला, १५,००० रुपये दिले आणि ‘यापुढे आमची काहीही तक्रार नाही’ अशा कागदावर मिस्टरांची सही घेऊन गेला. तिकिटामागेही ‘इजेस व्यवस्थापन जबाबदार नाही’ असं छापलेलं आहे. आता गालावर साधारण तीन सेंटिमीटरचा उंचवटा राहिला आहे. डॉक्टर म्हणतात, कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही. फोटो काढायचा म्हटलं की मुलगी तो गाल हाताने झाकते. मिस्टर म्हणतात, सही दिली, विषय संपला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. सासूबाईंना तिच्या लग्नाची काळजी लागली आहे. खरंच विषय संपला का?

उत्तर : नाही ताई, संपलेला नाही. पण ज्या दाराने जायला मी तुम्हाला सांगणार आहे, ते ग्राहक आयोगाचं दार पाच महिन्यांत बंद होईल.

आधी त्या सहीचं बघू, कारण तुमच्या घरात सगळं तिथेच अडलं आहे. गाल मुलीचा, इजा मुलीची, म्हणून भरपाईचा हक्कही मुलीचा. तुमच्या यजमानांनी सही केली ती त्यांच्या स्वतःच्या वतीने. मुलीचा हक्क सोडून देण्याचा अधिकार बापालाही सहजासहजी नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकाला अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या हिताची कामं करता येतात, पण स्वतःच्या वैयक्तिक कराराने तो मुलाला बांधून टाकू शकत नाही. कोर्टात दावा चालू असतानासुद्धा अज्ञान मुलाच्या वतीने तडजोड करायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते आणि तडजोड मुलाच्या हिताची आहे का हे न्यायाधीश स्वतः पाहतात. मग टाके ओले असताना, हॉलमधल्या सोफ्यावर, व्रण राहणार की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना केलेल्या सहीने मुलीचा हक्क कसा संपेल?

एक गोष्ट मात्र सरळ सांगते. तुमच्या दोघांच्या स्वतःच्या मागणीविरुद्ध, म्हणजे तुम्ही भरलेलं बिल, बुडलेला पगार, तुम्हाला झालेला मनस्ताप यांविरुद्ध तो कागद ते नक्की पुढे करतील, आणि तिथे थोडा त्रास होईल. १५,००० रुपये मिळाले हे लपवू नका. तक्रारीत पहिल्याच पानावर कबूल करा आणि खर्चातून वजा करा. लपवलेली रक्कम समोरच्या वकिलाने बाहेर काढली की तुमच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

तिकिटामागच्या ओळीला फार घाबरू नका. ‘जबाबदार नाही’ असं छापल्याने कुणी जबाबदारीतून सुटत असता तर प्रत्येक दुकानदाराने पाटीच लावली असती. खेळताना मूल मुलावर आपटलं, धावताना पाय मुरगळला, हा खेळातला धोका तुम्ही पत्करलात असं म्हणता येईल. फाटक्या फोममधून डोकावणारी लोखंडी पट्टी हा खेळातला धोका नव्हे, ती देखभालीतली हयगय आहे. पैसे घेऊन लहान मुलांना आत सोडणाऱ्याने रोज सकाळी ती घसरगुंडी हाताने चाचपून बघायला हवी होती. आणि तुम्ही त्या क्षणी मोबाइलमध्ये बघत होतात असं ते म्हणाले, तरी आईबापाची कथित चूक मुलीच्या माथी मारून तिची भरपाई कापता येत नाही. चार वर्षांच्या मुलीने स्वतः काळजी घ्यायला हवी होती, असं तर कुठलंच न्यायालय म्हणणार नाही.

आता मुदतीचं. इथे दोन घड्याळं वेगवेगळी चालतात आणि बरेच पालक त्यात गोंधळतात. दिवाणी न्यायालयात मुलीचा नुकसानभरपाईचा दावा मुदत अधिनियम, १९६३ याच्या कलम ६ आणि ८ मुळे ती सज्ञान झाल्यावर तीन वर्षांपर्यंत, म्हणजे तिच्या एकविसाव्या वर्षापर्यंत जिवंत राहतो. तुमच्या स्वतःच्या खर्चाच्या मागणीला ही सवलत नाही. ती घटनेपासून तीन वर्षांत करायची. ग्राहक आयोगाचं घड्याळ त्याहून लहान आहे: ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अज्ञान मुलांची सवलत आयोगापुढे चालते का, या वादात शिरण्यापेक्षा चोवीस महिने पुरे होण्याआधी तक्रार दाखल झालेली बरी.

माझा कौल ग्राहक आयोगाकडेच आहे. तिकीट तुम्ही काढलं, सेवा मुलीने घेतली, त्यामुळे ती ग्राहक ठरते, आणि ग्राहक अज्ञान असेल तर आई किंवा वडील तिच्या वतीने तक्रारदार होऊ शकतात, असं कायद्याच्या व्याख्येतच आहे. नव्या कायद्यात आयोगाचा अधिकार आणि फी तुम्ही सेवेसाठी किती पैसे मोजले यावर ठरते, भरपाई किती मागता यावर नाही. ८०० रुपयांच्या तिकिटाला फी शून्य. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर जिल्हा आयोग, आणि ऑनलाइन दाखल करायची सोयही आहे. काम मुख्यतः कागदपत्रं आणि प्रतिज्ञापत्रांवर चालतं. मुलीला पिंजऱ्यात उभं करून कुणी प्रश्न विचारणार नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘पोरीला कोर्टात दाखवत फिरायचं का’ या एका विचाराने कितीतरी आया मागे फिरतात. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांची मुदत लिहिली आहे. प्रत्यक्षात बराच जास्त वेळ लागतो, ती तयारी मनाची ठेवा.

प्ले झोन चालवणारी कंपनी पहिली विरुद्ध पक्षकार. मॉलच्या मालकाला सामील करायचं की नाही, ते तिकिटावर आणि पावतीवर कुणाचं नाव आहे ते बघून ठरवू. आधी पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि तीत दोन गोष्टी ठासून मागा: त्या दिवशीचं सीसीटीव्ही चित्रीकरण आणि घसरगुंडीच्या देखभालीच्या नोंदी. चित्रीकरण बहुधा केव्हाच पुसलं गेलं असेल. तरीही मागा. मॅनेजर तिसऱ्या दिवशी पैसे घेऊन घरी आला, म्हणजे इजा गंभीर आहे हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मग चित्रीकरण जपून का ठेवलं नाही, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. हातात असलेला पुरावा जो पुढे आणत नाही, तो त्याच्या विरुद्धच गेला असता असं न्यायालय मानू शकतं. विमा आहे का, हेही त्याच नोटिशीत विचारा. अशा ठिकाणांचा सार्वजनिक दायित्वाचा विमा अनेकदा असतो आणि तो असला की बोलणी जरा शहाणपणाने होतात.

मुलीचा खरा पुरावा तुमच्या घरातच आहे. अपघाताआधीचे तिचे फोटो काढा, बारशाचे नकोत, आधीच्या दोन-तीन महिन्यांतले, डावा गाल स्पष्ट दिसणारे. मग टाक्यांचे, टाके काढल्यावरचे, आणि आजचे. आजचे फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, समोरून आणि बाजूने, एक फोटो गालाशेजारी पट्टी धरून. फिल्टर लावू नका. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, कारण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्या संध्याकाळी बहिणीला, शेजारणीला पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेजही जपा. घाईघाईत, रडत लिहिलेल्या त्या दोन ओळी नंतर वकिलाने लिहिलेल्या दहा पानांपेक्षा जास्त बोलतात.

डॉक्टरांकडून नुसतं ‘व्रण आहे’ असं पत्र घेऊ नका. प्लास्टिक सर्जनना लिहून द्यायला सांगा: व्रण कुठे आहे, लांबी-रुंदी किती, उंचवटा आणि रंग कसा, हसताना ओढ बसते का, तो कायमचा आहे का, पुढे लेझर किंवा व्रणदुरुस्तीची शस्त्रक्रिया लागेल का, ती साधारण कोणत्या वयात आणि तिला खर्च किती. व्रण पक्व व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणून आज १९ महिन्यांनी दिलेलं मत तिसऱ्या दिवशीच्या अंदाजापेक्षा कितीतरी भक्कम आहे. आणि पुढच्या उपचारांचा खर्च याच तक्रारीत मागा. एकाच इजेसाठी पुन्हा पुन्हा दार ठोठावता येत नाही. आज मागायचं राहिलं ते दिवाणी न्यायालयातही नंतर मिळणं कठीण.

समोरचे लोक एक हमखास युक्तिवाद करतील: अपंगत्व शून्य टक्के, मग भरपाई कसली? मुलगी खाते, बोलते, हसते, हे खरंच आहे आणि त्याबद्दल देवाचे आभार. पण अपंगत्व आणि विद्रूपता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहन अपघातातल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मास्टर मल्लिकार्जुन प्रकरणात २०१३ मध्ये अपंगत्वाच्या टक्क्यांनुसार रकमा ठरवल्या, दहा टक्क्यांपर्यंत एक लाख अशा. तो तक्ता वाहन अपघातांचा आहे, तुमच्या मुलीची भरपाई त्यात अडकत नाही. तुमच्या तक्रारीत वेदना, झालेला आणि होणारा खर्च, चेहऱ्याची कायमची हानी, बालपणातल्या मोकळेपणाचं नुकसान अशी शीर्षकं वेगवेगळी लिहायची. लग्नाच्या शक्यतेवर परिणाम हेही शीर्षक न्यायालयं मान्य करतात. सासूबाईंना सांगा, त्यांची काळजी कागदावर येईल. पण मी ती शेवटच्या ओळीत लिहीन. पहिल्या ओळीत लिहीन ते तुम्ही सांगितलेलं, की साडेपाच वर्षांची मुलगी फोटोच्या वेळी गाल झाकते. तिचं नुकसान आत्ताचं आहे, पंचविसाव्या वर्षीचं नाही. शाळेतल्या बाईंच्या हे लक्षात आलं असेल तर त्यांचं प्रतिज्ञापत्र घ्या. आणि स्प्रिंग मेडोज या हॉस्पिटलच्या हयगयीच्या प्रकरणात (१९९८) मुलाइतकेच आईवडीलही ग्राहक मानून त्यांच्या मनस्तापाची वेगळी भरपाई दिली गेली होती, तेव्हा तुमचं दुःखही वेगळ्या परिच्छेदात येऊ द्या.

पोलिसांत जायचं का? जाता येतं. चेहऱ्याची कायमची विद्रूपता ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ‘जबर दुखापत’ आहे, आणि हयगयीने ती घडवल्यास कलम १२५(ब) खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याची दखल घ्यायची मुदतही तीन वर्षं, म्हणून वेळ आहे. साधी दुखापत म्हणून नोंद झाली तर मात्र मुदत एकच वर्षाची, जी उलटून गेली. म्हणूनही डॉक्टरांच्या पत्रात ‘कायमची विद्रूपता’ हे शब्द हवेत. तरी मी तुम्हाला सुरुवात तिथून करायला सांगणार नाही. अशा गुन्ह्यात बहुतेकदा नाव लागतं ते घसरगुंडीजवळ उभ्या असलेल्या विशीतल्या पोराचं. फोम बदलायचे पैसे ज्यांनी वाचवले ते तिथे उभेच नसतात. रक्कम वाढवून घेण्यासाठी फिर्यादीची भीती घालणं तर अजिबात करू नका. तुमची बाजू त्याने डागाळेल.

वकिलाच्या खर्चाचा प्रश्न असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० या क्रमांकावर फोन करा. भरपाई मंजूर झाली की मुलीच्या वाट्याची रक्कम बहुधा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. मधल्या शस्त्रक्रियेसाठी त्यातून पैसे काढायची परवानगी अर्ज करून मागता येते.

यजमानांना माझा एक निरोप द्या. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलचं बिल समोर होतं, मूल रडत होतं आणि कुणीतरी पैसे पुढे केले. कुठल्याही बापाने सही केली असती. तक्रारीत ते असंच, जसं घडलं तसं, त्यांच्याच प्रतिज्ञापत्रात येऊ द्या. त्यांच्या सहीचं सर्वांत चांगलं उत्तर तेच आहे.

या आठवड्यात एकच काम करा. हॉस्पिटलला लेखी अर्ज देऊन मुलीची सगळी कागदपत्रं मागा: केस पेपर, भूल दिल्याची नोंद, टाक्यांची टीप, डिस्चार्ज कार्ड. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात, आणि नोंदी जपून ठेवायचं बंधन तीन वर्षांचंच आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.