रीनोमधील पहिली संध्याकाळ

प्रश्न : मी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो आणि गेली काही वर्षे एका लीगमध्ये टेनपिन बोलिंग (जड बॉल घरंगळवत सोडून समोरच्या दहा पिना पाडण्याचा खेळ) खेळतो. येत्या वसंतात आमचा संघ राष्ट्रीय खुल्या स्पर्धेसाठी नेवाडातील रीनो येथे जाणार आहे. सोबत पत्नी, सतरा वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून आलेले आई-वडील असतील. (वडिलांना ही अजूनही क्रिकेटचीच स्पर्धा वाटते.) खेळाचे दडपण आहेच, परंतु जुगाराच्या शहरात सहकुटुंब उतरायचे, याची धास्ती त्याहून अधिक आहे. त्यात आईला ‘ते पैशांचे यंत्र’ एकदा चालवून पाहायचे आहे. पोहोचल्यापासूनचा वेळ कसा आखावा?

— एक वाचक, एडिसन

उत्तर : आपली धास्ती अनाठायी नाही, मात्र ती चुकीच्या दिवसाची आहे. रीनोत उतरल्या दिवशी जुगारापासून दूर राहणे फारसे जड जात नाही. जड जाते ती सांघिक सामने संपल्यानंतरची रात्र. घरच्या अ‍ॅलीत, म्हणजे नेहमीच्या बोलिंगच्या जागी, लेनवर (बॉल सोडण्याच्या पट्ट्यावर) तेल अशा रीतीने लावलेले असते की थोडा चुकलेला बॉलही पिनांकडे वळतो. राष्ट्रीय स्पर्धेतील तेल तशी माफी देत नाही, त्यामुळे गेममागे दोनशे गुणांची सरासरी असलेला खेळाडूही पहिल्या तीन, म्हणजे सांघिक गेममध्ये सपाटून मार खातो. दुहेरी आणि एकेरीचे उरलेले सहा गेम सहसा दुसऱ्या दिवशी असतात, आणि मधल्या रात्री हिरमुसलेला माणूस जिथे जाऊन बसतो, त्या जागा रीनोत पावलोपावली आहेत.

हा योगायोग नव्हे. नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला, आणि १९९५ मध्ये रीनोने ऐन मध्यवस्तीत ७८ लेनचे नॅशनल बोलिंग स्टेडियम उभारले, ज्याला खेळाडू ‘दहा पिनांचा ताजमहाल’ म्हणतात. स्पर्धा काही महिने चालते, संघ पाळीपाळीने येत राहतात, हॉटेलांच्या खोल्या भरतात आणि खेळ संपला की खेळाडू कॅसिनोत उतरतात. शहराचा हिशेब इतका सरळ आहे.

विमानतळावरच स्लॉट मशीन, म्हणजे आईंचे ‘ते पैशांचे यंत्र’, दिसू लागतील. मुलाला आधीच सांगून ठेवावे की नेवाडात एकवीस वर्षांखालील व्यक्तीला खेळण्यास किंवा खेळाच्या जागेत रेंगाळण्यास मनाई आहे. मोठ्यांसोबत तेथून चालत जाण्यास हरकत नसते. कॅसिनो असलेल्या हॉटेलात स्वागतकक्षापर्यंतची वाट बहुधा यंत्रांमधूनच जाते आणि तेथे धूम्रपान चालते. आपल्या आई-वडिलांना धुराचा त्रास होत असेल, तर कॅसिनो नसलेले हॉटेल शोधावे. खोलीच्या भाड्यावर ‘रिसॉर्ट फी’ (हॉटेलातील सुविधांचे शुल्क) वेगळी लागते का, हेही आरक्षणाच्या वेळीच विचारावे.

खेळाडू म्हणून आपण शक्य तर एक पूर्ण दिवस आधी पोहोचावे. रीनो साधारण महाबळेश्वरइतक्याच उंचीवर, सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे. पण साम्य तेवढेच. सह्याद्री ओलांडून ढग माण-खटावला जसे कोरडे पोहोचतात, तसे सिएरा नेवाडाच्या पलीकडे रीनोला वर्षाकाठी जेमतेम सात-आठ इंच पाऊस मिळतो. त्या कोरड्या हवेत बोटांची कातडी तडकते, आणि विमानप्रवासाने सुजलेला अंगठा दुसऱ्या दिवशी उतरतो. एडिसनमध्ये नेमके बसणारे बॉलमधील अंगठ्याचे भोक येथे आधी घट्ट आणि मग सैल वाटल्यास घाबरू नये. भोकात लावायची बोलिंगची चिकटपट्टी जवळ ठेवावी, भोक कोरून घेण्याची घाई करू नये, पाणी भरपूर प्यावे. रीनोचे घड्याळ आपल्यापेक्षा तीन तास मागे असल्याने संध्याकाळी सातची पाळी शरीराला रात्री दहाची वाटते. त्या दुपारी झोप काढणे सरावापेक्षा उपयोगाचे.

सामानाविषयी एकच. पंधरा पौंडांचे तीन बॉल म्हणजे पंचेचाळीस पौंड. त्यात बॅगेचे वजन धरले की विमान कंपन्यांची पन्नास पौंडांची नेहमीची मर्यादा सहज ओलांडली जाते. दोनच बॉल सोबत घ्यावेत किंवा तिसरा आगाऊ पाठवावा.

आता सांघिक सामन्यांनंतरची ती रात्र. खेळ संपताच बूट बदलून सर्वांनी ट्रकी नदीकाठी जावे. ती मध्यवस्तीतूनच वाहते आणि काठाने पायवाट आहे. जेवण तिकडेच करावे. जुगारासाठी द्यायचे ठरवलेले पैसे घरूनच एका पाकिटात रोख आणावेत, आणि कार्ड पत्नीच्या पर्समध्ये राहू द्यावे. माझ्या ओळखीच्या एका खेळाडूने ही सूचना हसण्यावारी नेली होती. दुसऱ्या दिवशी एकेरीला तो दोन तासांच्या झोपेवर उभा होता.

आईंना मात्र अडवू नये. वीस डॉलर त्याच पाकिटातून द्यावेत आणि यंत्रापाशी आपण शेजारी बसावे. मूळ पासपोर्ट जवळ असू द्यावा, कारण स्लॉटवर मोठी रक्कम लागली तर ओळखपत्र मागतात, आणि त्या अमेरिकेच्या रहिवासी नसल्याने अशा रकमेतून तीस टक्के कर जागेवरच कापून घेतला जातो. तशी वेळ येण्याची शक्यता फारच थोडी, पण कापलेल्या पैशांवरून आई कॅसिनोच्या खिडकीशी हुज्जत घालत बसल्या आणि आपली पाळी चुकली, असे होऊ नये.