हजेरी न कापता काम थांबवता आले पाहिजे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पुण्याबाहेरच्या त्या मोठ्या गृहप्रकल्पावर सुरक्षा अधिकारी म्हणून तू रुजू झालीस, हे वाचून फार समाधान वाटले. पहिल्या महिन्यात कोणत्या नोंदवह्या पूर्ण कराव्यात आणि कोणते फलक कुठे लावावेत, असे तू विचारले आहेस. नोंदवह्या लागतातच, त्यांची यादी मी वेगळी पाठवीन. पण त्याआधी एक गोष्ट शोधून काढ. ‘हे काम धोक्याचे आहे, मी करणार नाही’ असे तुझ्या साइटवरच्या एखाद्या बिगाऱ्याने म्हटले, तर त्या दिवशीच्या त्याच्या हजेरीचे, म्हणजे मजुरीचे, काय होते? हे कार्यालयात विचारू नकोस, तिथे सगळे चांगलेच उत्तर देतील. खरे उत्तर मुकादमाच्या वहीत असते.

असे का म्हणतो, ते सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या देखरेखीखाली सांडपाण्याच्या नळासाठी चर खोदला जात होता. खोली अडीच मीटरच्या आसपास, वर काळी माती, खाली मुरूम आणि आदल्या रात्री पाऊस झालेला. चराच्या काठापासून हातभर अंतरावर, काठाला समांतर अशी एक बारीक भेग पडली होती. ती मला दिसली नाही. खाली उतरणाऱ्या दोघांपैकी एकाला मात्र ती सकाळीच दिसली होती, पण तो बोलला नाही; कारण परांची (उंचावर काम करताना उभे राहायचा बांबू-फळ्यांचा सांगाडा) हलते अशी तक्रार करणाऱ्या त्याच्या गाववाल्याला आठवड्यापूर्वीच मुकादमाने अर्ध्या हजेरीवर परत पाठवले होते. अकराच्या सुमारास काठ खचला. भेग पाहिलेल्याला बाहेर ओढून काढता आले. दुसरा छातीपर्यंत गाडला गेला होता आणि त्याचे डोके शेवटपर्यंत मातीच्या वर होते. त्या वयात मला वाटे की डोके वर असले म्हणजे माणूस वाचतो. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड ते दोन टन भरते. छातीभोवती तसा दाब बसला की सोडलेला श्वास पुन्हा घेता येत नाही. चराला आधार देण्यासाठी आणलेल्या फळ्या सिमेंटच्या गोदामामागे रचलेल्या होत्या. दीड मीटरहून खोल चरात आधार किंवा उतार दिल्याशिवाय माणूस उतरवू नये, हे मला पाठ होते, आणि त्या सकाळच्या तपासणीच्या वहीत सही माझीच होती.

नियम माहीत होता, साहित्य साइटवर होते, धोका एकाच्या नजरेला पडलाही होता. त्याच्यापासून माझ्यापर्यंत येणारी वाट तेवढी बंद होती. आपल्या धंद्यात ही वाट फार लांबची असते. मुख्य कंपनी, तिचा उपकंत्राटदार, त्याच्याकडून काम घेणारा लहान ठेकेदार, त्याचा मुकादम आणि मग मजूर. नांदेड, कलबुर्गी, बिहार किंवा झारखंडमधून आलेला मजूर पुष्कळदा उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेऊन आलेला असतो, त्यामुळे मुकादमाशी वाद घालायचा म्हणजे उचल, राहायची खोली आणि पुढचे काम ही तिन्ही पणाला लावावी लागतात. त्यात सेंट्रिंगसारखी, म्हणजे स्लॅबचा साचा बांधण्यासारखी, कामे फुटाच्या दराने दिलेली असतात. परांची नीट बांधण्यात गेलेला तास त्या टोळीच्या पदरचा जातो. भिंतीवरचा फलक या हिशेबाला कुठेच पोहोचत नाही.

म्हणून तू हिशेबातच हात घाल. प्रकल्प व्यवस्थापकांकडून एक लेखी आदेश मिळव की धोका दिसल्यामुळे काम थांबवले तर त्या टोळीची त्या दिवसाची हजेरी पूर्ण लागेल, आणि धोका नव्हता असे नंतर ठरले तरीही ती कापली जाणार नाही. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यासाठी तुला भांडावे लागेल, पण ते सोडू नकोस. आपला अंदाज चुकला तर पैसे जातील अशी भीती असलेला माणूस पूर्ण खात्री होईपर्यंत थांबतो, आणि खचणारा काठ तेवढा वेळ देत नाही. पुढचे उपकंत्राट निघेल तेव्हा परांची बांधणे, सुरक्षा जाळी लावणे आणि चराला आधार देणे या बाबी बिलात वेगळ्या दराने दाखवायला लाव. ज्या कामाचे मोजमाप होऊन पैसे मिळतात ते काम होते, हे मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे.

आदेश निघाल्यावर पहिल्यांदा कोणीतरी खरोखर काम थांबवील. बहुधा स्लॅबच्या दिवशी, काँक्रीटच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या असताना. प्रॉप, म्हणजे स्लॅबच्या साच्याला खालून दिलेला टेकू, वाकलेला वाटतो, असे एखादा सुतार म्हणेल आणि सगळ्यांचे डोळे तुझ्याकडे लागतील. त्या पाव तासात तू कशी वागतेस, यावर तुझ्या साइटची पुढची दोन वर्षे ठरतील. घाईने होकार देऊ नकोस आणि रागावूही नकोस. त्याला बरोबर घेऊन खाली जा, त्याला काय दिसले ते त्याच्याच तोंडून ऐक, ओळंबा लाव, आणि निर्णय काहीही झाला तरी सर्वांसमोर त्याचे आभार मान. संध्याकाळी त्याची हजेरी लागली का, ते मुकादमाच्या वहीत स्वतः पाहा.

थोडक्यात टळलेल्या प्रसंगांनाही हेच लागू आहे. बाराव्या मजल्यावरून वीट पडली आणि कोणाला लागली नाही, ही गोष्ट रात्री लेबर कॅम्पमध्ये सगळ्यांना माहीत असते आणि सकाळी कार्यालयात कोणालाच माहीत नसते. सकाळच्या पाच मिनिटांच्या बैठकीत भाषण करू नकोस. काल काय टळले ते विचार आणि आज कोणते काम आहे ते बोल. समोरच्याला समजणारी भाषा वापर आणि शेवटी त्यालाच पुन्हा सांगायला लाव. चूक कोणाची, हा प्रश्न पहिल्यांदा विचारलास की दुसऱ्या दिवसापासून कोणी काही सांगणार नाही. ‘अपघाताविना इतके दिवस’ असा आकडा लिहून त्यावर बक्षीस देण्याच्या प्रथेला माझा ठाम विरोध आहे. बक्षीस जवळ आले की पायात खिळा गेलेल्या माणसाला मागच्या फाटकातून रिक्षाने खासगी दवाखान्यात नेले जाते आणि आकडा वाढत राहतो.

आता लेबर कॅम्पविषयी, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीतच आला. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यातल्या कोंढव्यात मुसळधार पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. तीनच दिवसांनी आंबेगावात तशीच भिंत पडून आणखी सहा जण गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोसरीत मजुरांच्या वसाहतीतली पाण्याची तात्पुरती टाकी सकाळी फुटली आणि पाच मजूर दगावले. ही माणसे झोपली होती किंवा टाकीशी पाणी वापरत होती. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तिथे ते उपयोगी पडलेही नसते. इमारतीच्या प्रत्येक तुळईचे गणित होते, नकाशा होतो, तपासणी होते. पण ज्या टाकीखाली शंभर माणसे अंघोळ करतात ती कोणी आखली, हे विचारले तर ‘ठेकेदाराने बांधून घेतली’ एवढेच उत्तर मिळते. कॅम्पमधली टाकी, पत्र्याच्या खोल्या, वायरिंग आणि मागची भिंत या सगळ्यांची तपासणी अभियंत्याच्या सहीने झाली पाहिजे, असा आग्रह धर. प्रत्येक खोलीच्या विजेच्या फळीवर, विजेची गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर असावा आणि त्याचे चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून पाहावे.

तू स्त्री आहेस म्हणून तुला एक गोष्ट ऐकू येईल, जी मला कित्येक वर्षे ऐकू आली नाही. स्वच्छतागृह दूर असेल किंवा त्याला कडी नसेल, तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. वैशाखाच्या उन्हात घमेली उचलणाऱ्या बाईने पाणी न पिणे म्हणजे काय, हे तुला वेगळे सांगायला नको. दर काही मजल्यांवर पाणी आणि कडी असलेले स्वच्छतागृह, हे मी उष्माघाताच्या उपायांत पहिले धरतो; दुपारचे काम पहाटे आणि संध्याकाळी हलवणे त्यानंतरचे. नव्याने आलेल्या माणसाला पहिला आठवडा हलके काम दे, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. ग्रॅनाइट आणि फरशी पाणी सोडूनच कापायला लाव. कोरड्या कापणीतल्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसाचे जे नुकसान होते, ते भरून येत नाही.

कायद्याचा आधार तुझ्या बाजूला आहे. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने ५०० मजुरांच्या साइटवर सुरक्षा अधिकारी बंधनकारक केला होता. कामगारांच्या सुरक्षेसाठीच्या २०२० च्या संहितेत तो आकडा २५० वर आला. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर बांधकाम मजुरांच्या कल्याणकारी मंडळाकडे भरला जातो, पण त्यातून मिळणारा मुलांच्या शिष्यवृत्तीसारखा लाभ घेण्यासाठी मजुराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि साइट बदलत राहणाऱ्या मजुराला तो द्यायला कोणी तयार नसते. तुझ्याकडे हजेरीची वही असेल, तेव्हा हे दाखले तू स्वतः तयार करून त्यावर सह्या घे. हे सुरक्षा अधिकाऱ्याचे काम नाही, असे तुला कोणी सांगेल. पण ज्याच्या मुलीची शिष्यवृत्ती तुझ्या दाखल्यामुळे मंजूर झाली, तो माणूस वाकलेला प्रॉप दिसल्यावर तुझ्याकडे येईल.

पाऊस आता पाच आठवड्यांवर आला आहे. तुझा कॅम्प एका भिंतीला लागून आहे असे तू लिहिले आहेस. ती भिंत कोणाची आहे, किती उंच आहे, तिच्या मागे किती भराव टाकला आहे आणि भरावातले पाणी निघायला भिंतीत छिद्रे ठेवली आहेत का, एवढे या रविवारी पाहून मला कळव. फोटो घेशील तेव्हा भिंतीच्या पायथ्यापासून पहिल्या खोलीपर्यंतचे अंतर टेप धरून दिसेल असा घे.

तुझे,
काका